बोनस आणि इन्सेंटिव्ह एकाच ओळीत लिहू नका

दिवाळी आली की लोअर परळपासून अंधेरीपर्यंत ऑफिसाऑफिसांत तोच मेल फिरतो: 'तुमच्या मेहनतीचं कौतुक म्हणून कंपनीतर्फे बोनस.' पगारपत्रकं करण्यात माझी पंधरा वर्षं गेली. हे वाक्य मला दर वर्षी खटकतं.

इन्सेंटिव्ह सगळ्यांना ठाऊक आहे. टार्गेट गाठलं तर मिळतो, नाही तर नाही. अटी कंपनीच्या. मिठाईचा पुडा आणि व्हाउचर ही निव्वळ भेट.

घोळ बोनसचा आहे, आणि 'परफॉर्मन्स बोनस' या शब्दाने तो वाढवलाय. वीस किंवा अधिक माणसांची आस्थापना, वेतन ठरलेल्या मर्यादेत आणि वर्षात किमान ३० दिवस काम, एवढं असलं की किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानेच देणं लागतो. हिशेबात धरलेल्या वार्षिक वेतनाचा हा बारावा भाग. नव्या आस्थापनांना सुरुवातीची काही वर्षं सूट आहे. बाकीच्यांना तोट्याच्या वर्षीही तो चुकत नाही. नफा असेल तर २० टक्क्यांपर्यंत.

'रेटिंग कमी आलं म्हणून बोनस कापला' हे मी कितीदा ऐकलंय! १९६५ च्या बोनस कायद्यात बोनस गमावण्याची कारणं मोजकी होती: फसवणूक, आवारात दंगा किंवा हिंसा, चोरी, अफरातफर, घातपात, तेही त्यासाठी नोकरीवरून काढलं असेल तरच. २०१९ च्या वेतन संहितेने त्यात लैंगिक छळाबद्दलची शिक्षा जोडली. रेटिंग त्यात नाही, लेट मार्क नाही, साहेबांची नाराजी तर नाहीच.

हे याच शहरात ठरत गेलंय. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी कामगारांना बोनस दिला. पुढे तो थांबवला, तेव्हा १९२४ मध्ये गिरणगाव संपावर गेलं. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने कामगारांचा त्यावर हक्क नाही, असाच निष्कर्ष काढला. तो हक्क कायद्यात यायला पुढची ४१ वर्षं लागली. त्याच गिरण्यांच्या जागेवरच्या काचेच्या इमारतींत आज त्याला कौतुक म्हणतात, याचा मला राग येतो.

हक्काचे पैसे वेळेवर आले म्हणून कुणाला हुरूप चढत नाही. थकले की मात्र मन उडतं, आणि मग टीम लंच घालून ते परत येत नाही. हुरूप येतो तो कुणी नाव घेऊन, नेमकं काय चांगलं केलं ते सांगितलं की. माझ्या एका जुन्या ऑफिसात मॅनेजर दर शनिवारी जाऊन स्टोअरमधल्या माणसांशी असं बोलायचे. बोनसचा विषय त्यांनी त्यात कधी आणला नाही. तो ठरल्या तारखेला, स्लिपवर स्वतंत्र ओळीत, गाजावाजा न करता जमा व्हायचा.

मागच्या दिवाळीत एका नव्या मुलाने मला विचारलं, "ताई, बोनसबद्दल साहेबांना थँक्यू मेल टाकू का?" मी त्याला स्लिप उघडायला लावली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.