जर्मन गाडीचा पत्रा आणि लोहाराचे पाणी

शोरूममध्ये एखाद्या जर्मन गाडीचा दरवाजा लावला, त्यातून 'धप्प' असा भरीव आवाज आला, की सोबत आलेला जाणकार हमखास सांगतो, "जर्मन पत्रा आहे, जाड असतो." त्या आवाजाचे श्रेय मुख्यतः दरवाजाचे रबर, कुलपाची घडण आणि आत चिकटवलेले आवाजशोषक थर यांना जाते. मात्र या वाक्यात दोन समजुती दडलेल्या आहेत: गाडी जर्मनीत घडते आणि तिचे बळ पत्र्याच्या जाडीत असते.

पहिली समजूत लवकर निकालात निघते. कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला तो जर्मनीतल्या मानहाइममधून, आणि दोनच वर्षांनी त्यांच्या पत्नी बेर्टा यांनी तिथूनच फोर्झहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर गाडी नेली, वाटेत औषधांच्या दुकानातून इंधन विकत घेऊन. तेव्हापासून अनेक दशके जर्मन गाड्यांचा उद्योग मुख्यतः जर्मनीतच राहिला. पुढे फोक्सवॅगनने १९८६ मध्ये स्पेनची सेआट ताब्यात घेतली, १९९१ मध्ये चेक स्कोडाशी भागीदारी केली (१८९५ मध्ये सायकलींपासून सुरू झालेली ही कंपनी फोक्सवॅगनहून वयाने मोठी आहे) आणि त्याच सुमारास स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथेही पाय रोवले. आउडीने १९९३ मध्ये हंगेरीतील ग्यॉर येथे इंजिननिर्मितीसाठी कंपनी स्थापली. पुढे आउडी टीटीचे रंगवलेले सांगाडे जर्मनीतल्या इंगोलश्टाटहून रेल्वेने ग्यॉरला जात आणि तिथे गाडी पूर्ण होई. पोर्शेच्या पहिल्या कायेनचे सांगाडे मात्र ब्रातिस्लाव्हाहून उलट दिशेने लाइपझिगला येत. अशा गाडीचे गाव कोणते म्हणावे?

दुसऱ्या समजुतीचे उत्तर मला अधिक प्रिय आहे, कारण ते आपल्या गावच्या लोहाराला ठाऊक होते. तो विळा लाल होईपर्यंत तापवतो आणि एकदम पाण्यात बुडवतो. याला 'पाणी देणे' म्हणतात. आजच्या गाडीत दोन दरवाजांमधला खांब, छताची कड, उंबरठ्याचा भाग असे अवयव पुष्कळदा याच तत्त्वावर घडतात. फरक एवढाच, की आकार देणे आणि पाणी देणे या दोन्ही क्रिया एकाच साच्यात, काही सेकंदांत उरकतात.

यासाठीच्या पोलादात कार्बन सुमारे ०.२२ टक्के, थोडे मँगनीज आणि एक लाख भागांत जेमतेम दोन ते पाच भाग बोरॉन असते. पत्रा भट्टीत ९०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की लोहाच्या अणूंची मांडणी बदलते. या ऑस्टेनाइट नावाच्या रचनेत अणूंमधल्या पोकळ्यांत कार्बन आरामात सामावतो आणि पत्रा मऊ होतो. आतून पाणी खेळवलेल्या थंड साच्यात तो दाबला, की तापमान सेकंदाला २७ अंशांहून अधिक वेगाने उतरते. थंड लोहाच्या रचनेत कार्बनला फारशी जागा नसते. सावकाश थंड झाले असते तर तो बाहेर पडला असता. इथे त्याला तेवढा वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो, स्फटिकाची जाळी एका दिशेने ताणली जाते आणि मार्टेन्साइट हे अत्यंत कठीण रूप तयार होते. बोरॉनचे काम पहारेकऱ्याचे आहे: मऊ लोहाची नवी बीजे ऑस्टेनाइटच्या कणांच्या सीमांवर धरतात, आणि बोरॉनचे अणू नेमक्या त्याच सीमांवर जाऊन बसल्याने ती बीजे धरायला उशीर होतो. तो उशीर साच्याला पुरतो. तयार पोलादाचे बळ सुमारे १५०० मेगापास्कल होते, म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाची तार जवळपास दीडशे किलो भार पेलेल. त्यामुळे पत्रा पातळ करूनही खांब मजबूत ठेवता येतो.

हे तंत्रही मूळचे जर्मन नाही. त्याचे पेटंट १९७७ चे, स्वीडनमधले, आणि गाडीत ते प्रथम वापरले साब या स्वीडिश कंपनीने, १९८४ मध्ये. फोक्सवॅगनने २००५ च्या पसाटमध्ये असे भाग मोठ्या प्रमाणावर आणले. जाहिरातींमधल्या 'जर्मन इंजिनिअरिंग'मध्ये बाकीच्या युरोपचा हा वाटा सहसा सांगितला जात नाही.

मग सगळी गाडीच अशी का घडवू नये? कारण पुढचा भाग चुरगळायलाच हवा. व्हिएन्नाजवळ जन्मलेल्या बेला बारेनी यांनी १९५१ मध्ये हा विचार पेटंटच्या अर्जात मांडला आणि १९५९ च्या मर्सिडीजमध्ये तो प्रत्यक्षात आला. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ६० सेंटिमीटर चुरगळत थांबली, तर आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी सोळापट जोर येतो. १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर जवळपास शंभरपट. बंपरखाली बांधलेल्या लिंबू-मिरचीने या गणितात काहीही फरक पडत नाही.

या पोलादाची अडचण दुरुस्तीच्या वेळी कळते. गॅरेजमधला डेंटिंगवाला मडगार्ड ठोकून सरळ करू शकतो, पण हा खांब गॅसच्या ज्योतीवर तापवून वळवला, की अडकलेला कार्बन सुटू लागतो आणि साच्याने दिलेले पाणी उतरते. रंग दिल्यावर खांब पूर्वीसारखाच दिसतो. म्हणून तो सरळ करण्याऐवजी ठरवून दिलेल्या ठिकाणी कापून नवा बसवावा लागतो.