नराच्या पोटाखाली ‘अंडी’

‘झोंबी खेकडा’ नावाचा व्हिडिओ दर चार-सहा महिन्यांनी नवं पार्श्वसंगीत लावून फिरत येतो. उलटा धरलेला खेकडा, पोटाखाली पिवळट गोळा, आणि ‘परजीवीने याच्या मेंदूचा ताबा घेतलाय’ असं सांगणारा घोगरा आवाज. खाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘अहो, अंडी आहेत ती, मादी आहे.’ अंडी नाहीत. आणि बऱ्याचदा ती मादीही नसते.

खेकड्याच्या पोटाखाली शेपटी दुमडलेली असते. नराची अरुंद आणि त्रिकोणी, मादीची रुंद आणि गोलसर, कारण तिला त्याखाली अंडी सांभाळायची असतात. युरोपच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्यात नेमक्या त्याच जागी एक गुळगुळीत पिशवी उगवते. तिचं नाव सॅक्युलिना. ती चक्क प्राणी आहे, पण तिला पाय नाहीत, तोंड नाही, आतडं नाही. मग हिचं गोत्र ओळखायचं कसं? जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी 1836 साली ते तिच्या पिल्लांवरून ओळखलं. पिशवीतून बाहेर पडणाऱ्या अळ्या थेट बार्नॅकलच्या अळ्यांसारख्या होत्या. बार्नॅकल म्हणजे खडकांना आणि बोटींच्या बुडाला चिकटून बसणारे ते टणक, खरखरीत प्राणी. सॅक्युलिना त्यांचीच चुलत बहीण.

आत शिरण्याची तिची रीत मी कितीदा वाचली तरी पोट भरत नाही. मादी अळी खेकड्याच्या अंगावरच्या एखाद्या केसाच्या बुडाशी बसते. मग पाय, पोहण्याचे स्नायू, सगळं टाकून देते. उरतं ते पेशींचं एक गाठोडं आणि एक पोकळ सुई. ही सुई ती कवचातून आत खुपसते आणि तिच्यातून स्वतःच खेकड्यात उतरते. म्हणजे इंजेक्शन देणाराच औषध होऊन सुईतून जातो! आत सुट्या पेशी जात असाव्यात असा समज बराच काळ होता. 1995 साली ग्लेनर आणि होएग यांनी तिच्या एका भाऊबंदात दाखवलं की आत जातो तो वळवळणारा, अनेक पेशींचा सूक्ष्म किडा.

मग मुळं फुटतात. खरोखर झाडासारखी, फांद्या फुटत जाणारी, थेट पायांपर्यंत. ती खेकड्याच्या रक्तातून अन्न शोषतात. खेकडा मरत नाही. खातो, चालतो, पण पिशवी बाहेर आली की वाढत नाही आणि कवच बदलत नाही. जुनं कवच तसंच अंगावर राहिल्यामुळे त्याच्यावर कधीकधी साधे बार्नॅकलही येऊन बसतात. पाठीवर एक नातलग, पोटात दुसरा. पिशवी बाहेर डोकावली, तरी नर अळी येऊन आत घुसेपर्यंत ती वांझच असते. नर आत शिरला की एका खास कप्प्यात जन्मभर राहतो आणि शुक्रपेशी बनवण्यापलीकडे काही करत नाही. असे कप्पे दोन, एकेकात एक नर.

आता खेकडा नर असेल तर? त्याची शेपटी पिशवी बाहेर येण्याआधीच्या कवचबदलात रुंद होते, तो पिशवीला अंड्यांसारखं साफ करतो, आणि परजीवीच्या अळ्या बाहेर पडताना मादीसारखा शेपटी हलवून त्यांना पाण्यात सोडतो. इथे ‘ताबा’ हा शब्द मला खटकतो. खेकडा-कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांच्या नरात अँड्रोजेनिक ग्रंथी असते. एलेन शार्निओ-कोतों यांनी 1954 साली ऑर्केस्टिया या चिमुकल्या कवचधारी प्राण्यावर प्रयोग केले: ही ग्रंथी मादीत बसवली की मादी नरासारखी होऊ लागते. ग्रंथीचा संप्रेरक इन्शुलिनच्या घराण्यातला. तिच्यावर लगाम असतो डोळ्याच्या देठातल्या संप्रेरकांचा. तिथूनच कवचबदल घडवणाऱ्या वाय-अवयवालाही आवर घातला जातो, त्यामुळे एक दोरी ओढली की दुसरी हलते. थोडं किचकट आहे, पण मुद्दा एवढाच की या प्राण्यांत नरपण ग्रंथीने वरून चढवलेलं असतं. सॅक्युलिना झालेल्या नरांत ही ग्रंथी खंगते आणि मादीचा मूळ आराखडा वर येतो. अंडी सांभाळण्याचं वर्तन परजीवीने शिकवलेलं नाही, ते खेकड्याच्या जातीतच होतं. मुळं मज्जातंतूंपर्यंतही पोचतात हे खरं, पण त्यावरून थेट ‘झोंबी’ म्हणणं म्हणजे कठपुतळीच्या दोऱ्या न पाहताच टाळ्या वाजवणं.

खेकड्यांना इतरही व्याधी आहेत. हेमॅटोडिनियम हा एकपेशीय जीव 1931 साली फ्रान्समध्ये शातों आणि प्वासों यांनी नोंदवला. तो खेकड्याच्या रक्तात इतका माजतो की रक्त दुधासारखं होतं. अलास्काच्या टॅनर खेकड्यांचं मांस त्याने कडू होतं, म्हणून रोगाचं नावच ‘कडू खेकडा’. माणसाला त्याचा संसर्ग होत नाही. फुप्फुसातला चपटा कृमी पॅरागोनिमस मात्र गोड्या पाण्यातल्या कच्च्या खेकड्यांतून आणि शेवंडासारख्या छोट्या क्रेफिशमधून माणसात येतो. कोरियात एकेकाळी गोवर झालेल्या मुलांना क्रेफिशचा कच्चा रस पाजत. गोवराला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, मुलांना वर कृमी मिळत.

हिरवा खेकडा माणसाबरोबर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर गेला, सॅक्युलिना मागे राहिली. जिथे सॅक्युलिनासारखे, खेकड्याची प्रजननशक्ती मारणारे परजीवी नाहीत तिथे हे खेकडे आकारानेही मोठे होतात, असं 2001 साली टॉर्चिन, लॅफर्टी आणि कुरिस यांनी दाखवलं. मग या खेकड्यांना आवरायला सॅक्युलिनाच तिकडे नेऊन सोडावी, अशी कल्पना निघाली. सोडण्याआधी प्रयोगशाळेत चाचणी झाली, तेव्हा ती पॅसिफिक किनाऱ्यावरच्या स्थानिक जातींच्या खेकड्यांतही शिरली, आणि ते मेले.