कुस्त्यांची आम दंगल (खानदेश)

खानदेशात गावाची यात्रा, उरूस किंवा नागपंचमीसारखा सण या निमित्ताने लोकवर्गणीतून भरवल्या जाणाऱ्या, कोणत्याही मल्लाला खुल्या असलेल्या मातीवरच्या कुस्त्या. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे आणि नाशिक जिल्ह्यातला मालेगाव-बागलाणचा पट्टा हे तिचे मुख्य क्षेत्र. बऱ्हाणपूर आणि इंदुराकडचे पहिलवानही इथल्या मातीत उतरतात. बऱ्हाणपूर ही एके काळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. आज मध्ये राज्याची सीमा आली असली तरी पहिलवानांचे येणेजाणे थांबलेले नाही.

दंगल हा खेळ आहे, गावाची करमणूक आहे आणि बाजारही आहे. सालदाराच्या (वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतमजुराच्या), अल्पभूधारकाच्या किंवा हमालाच्या पोराने वर्षभर जोर-बैठका मारून कमावलेल्या अंगाला रोख मोल मिळते ते इथेच. क्रीडा खात्याची शिष्यवृत्ती, पोलीस भरतीतला खेळाडूंचा कोटा, कंपनीची जाहिरात या सगळ्या गोष्टी पुढच्या. त्या ज्याला मिळतात त्यालाही पहिली शंभराची नोट बहुधा अशाच एखाद्या यात्रेत मिळालेली असते. खानदेशातला पहिलवान कसा घडतो हे समजून घ्यायचे तर स्पर्धांच्या निकालांआधी दंगलीचा हिशेब पाहावा लागतो.

आश्रय

महाराष्ट्रातल्या कुस्तीचा इतिहास सांगताना कोल्हापूर आधी येते, आणि ते रास्तच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी देशभरचे मल्ल पदरी ठेवले, तालमी उभारल्या आणि 1912 मध्ये खासबागेचे मैदान बांधून पूर्ण केले. खानदेशाला असा आश्रयदाता लाभला नाही. पेशवाई बुडाल्यावर 1818 पासून हा मुलूख थेट इंग्रजी अमलाखाली गेला. 1906 मध्ये त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तो 1998 मध्ये. एवढ्या फेरबदलात कुस्तीसाठी दरबारी खजिना असा कधी नव्हताच. जो काही पैसा आला तो गावकीचा, व्यापाऱ्यांचा, जिनिंग मालकांचा आणि नंतरच्या काळात सहकारी संस्था व लोकप्रतिनिधींचा. इथली दंगल लोकांच्या मर्जीवर चालली ती यामुळे. लोकांना जे पाहायला आवडले त्याला पैसा मिळाला, जे आवडले नाही ते मागे पडले. तिची ताकद आणि तिचे दोष, दोन्ही इथून येतात.

हंगाम पिकांशी बांधलेला आहे. कापूस विकला गेला, दादर (रब्बीची ज्वारी) आणि गहू खळ्यातून घरात आले, की गावाच्या हातात पैसा खेळतो. मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजारासह दत्ताची यात्रा भरते, माघात शिरपूरला खंडोबाची, चैत्रात धुळ्याला एकवीरा देवीची, वैशाखात अंमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची. या मोठ्या यात्रांच्या मध्ये शेकडो लहान गावांच्या यात्रा पसरलेल्या असतात आणि मल्ल एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत राहतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास सालदारांचे जुने साल संपते आणि नवे ठरते. शेतात राबणाऱ्या पोराला मोकळे चार दिवस मिळतात ते याच वेळी. पावसाळ्यात मेहनत, नागपंचमीला पहिली झटापट आणि यात्रांच्या हंगामात कमाई, असे मल्लाचे वर्ष.

दंगलीचा दिवस

आखाडा म्हणजे बहुतेक ठिकाणी नदीचे कोरडे पात्र किंवा बाजारपट. जमीन खणून, ढेकळे फोडून, खडे वेचून माती मऊ केली जाते. तालमीतल्या मातीत तेल, ताक, हळद, कापूर घालून ती मुरवतात. यात्रेत एवढा सरंजाम क्वचितच होतो. दुपारी नारळ फुटतो, डफ-ढोल सुरू होतात आणि पहिल्यांदा लहान पोरे सोडली जातात. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर किंवा दहा-वीस रुपयांवर. दोन्ही पोरांना काही ना काही मिळेल हे गावचे पंच पाहतात. हरलेला पोरगा पुढच्या वर्षी परत यावा ही त्यामागची समज, आणि ती फार मोलाची आहे.

मग मोठे पहिलवान. ज्याची जोड आधी ठरलेली नाही तो लंगोट कसून, हात वर करून रिंगणातून फिरतो. त्याच्या अंगाचा, उंचीचा कोणी समोर आला की पंच दोघांना शेजारी उभे करतात, नजरेने तोलतात, रक्कम पुकारतात. वजनकाटा नसतो. रक्कम दोघांना मान्य असेल तर हात मिळतात. प्रेक्षकांतून भर पडत जाते: अमक्या पाटलांकडून 101, तमक्या दुकानदाराकडून 501. जिंकलेला मल्ल प्रेक्षकांपुढून फेरी मारतो आणि लोक हातात नोटा देतात. कित्येकदा फेरीची रक्कम इनामापेक्षा जास्त भरते. रोखीबरोबर भांडी देण्याचीही पद्धत आहे. हंडा किंवा पातेले जिंकून आणले की ते थेट घरातल्या बाईच्या उपयोगी पडते, आणि पोराच्या कुस्तीला आईचा विरोध असेल तर तो तिथे थोडा कमी होतो.

नियम थोडे असतात. पाठ मातीला लागली की चितपट. गुण नाहीत, घड्याळ बहुधा नाही. एकेरी पट, ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, मोळी हे डाव ओळखणारे म्हातारे कडेला बसलेले असतात आणि डाव लागायच्या आधी त्याचे नाव ओरडतात. या जाणत्या प्रेक्षकाइतका चांगला शिक्षक तरुण मल्लाला दुसरा मिळणे कठीण.

पैशाचा हिशेब

दंगलीतली मोठी रक्कम शेवटच्या मानाच्या कुस्तीला जाते. तिच्यासाठी बाहेरचे नामांकित मल्ल मानधन ठरवून बोलावले जातात, त्यांचे फोटो फलकांवर झळकतात आणि गर्दी त्यांच्यासाठी जमते. आयोजकांच्या दृष्टीने हे बरोबर आहे. नाव मोठे असल्याशिवाय दहा गावांचे लोक येत नाहीत, आणि लोक आल्याशिवाय पाळणे, खेळणी, मिठाई, रसवंती यांचा धंदा होत नाही. पण दिवसभर मातीत उतरणाऱ्या स्थानिक मल्लांच्या वाट्याला वर्गणीचा लहानसा भाग येतो. याला लोकांची आवड जबाबदार आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. मधल्या फळीतल्या कुस्त्यांचे इनाम वाढवणारी गावे आहेत, आणि तिथे स्थानिक तालमी टिकल्याचे दिसते.

मोठ्या पैशाबरोबर नुरा कुस्तीही येते. दोन मल्ल आधीच ठरवून येतात, अर्धा-पाऊण तास एकमेकांचे मनगट धरून झुलतात, कुस्ती बरोबरीत सुटते आणि इनाम निम्मे-निम्मे वाटले जाते. दुखापत नाही, कमीपणा नाही, पुढच्या गावी परत तीच जोड. यावर उपाय म्हणून फलकावरच ‘कुस्ती निकाली होईल’ असे छापण्याची आणि बरोबरीला पैसे न देण्याची रीत पडली. ती कडक पाळली तर भुकेला, प्रामाणिक मल्ल पुढे येतो. कारण त्याला हरणे परवडत नाही.

परवडत नाही हे शब्दशः खरे आहे. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण हा खुराक रोज लागतो आणि तो एका माणसासाठी असतो. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरात ही एक व्यक्ती साऱ्या घराएवढा खर्च खाते. रावेर-यावलच्या पट्ट्यात व्यापाऱ्याने न उचललेली केळी मल्लाच्या पोटात जातात, दुभती म्हैस राखली जाते, मोठा भाऊ शिक्षण सोडून शेत सांभाळतो. पहिलवानाच्या यशात या माणसांचा वाटा उघड दिसत नाही, पण तो मोजला गेला पाहिजे. गुडघ्याची शीर तुटली किंवा खांदा निखळला तर हंगाम बुडतो. यात्रेच्या आखाड्यात विमा नसतो आणि डॉक्टर असेलच असे नाही. कित्येक गुणी मल्लांची कुस्ती पंचविशीच्या आत अशीच संपते. पुढे ते ट्रॅक्टर चालवतात, बाजार समितीत हमाली करतात किंवा वस्ताद होऊन पोरांना शिकवतात.

सायगाव ते विनिपेग

खानदेशातल्या कुस्तीला राज्यभर नाव मिळवून दिले ते चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरी यांनी. महाराष्ट्र केसरी हा किताब 1961 पासून दिला जातो. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या भागांचा त्यावर दीर्घकाळ दबदबा राहिला. चौधरी यांनी 2014, 2015 आणि 2016 असा तीन वेळा लागोपाठ तो जिंकला. 2016 च्या अंतिम लढतीत त्यांनी पुण्याच्या अभिजित कटकेला हरवले. त्यांच्याआधी सलग तीनदा या किताबाची गदा नेणारे नरसिंग यादव होते (2011 ते 2013). पुढे राज्य सरकारने चौधरी यांना पोलीस उपअधीक्षकपदी थेट नेमले. कॅनडातल्या विनिपेग इथे 2023 मध्ये झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत त्यांनी 125 किलो गटात सुवर्णपदक मिळवले.

या कारकिर्दीतून एक अडचणीची गोष्टही दिसते. महाराष्ट्र केसरीच्या खुल्या गटात 86 ते 125 किलो वजनाचे मल्ल खेळतात. माती आणि गादी (मॅट) अशा दोन विभागांचे विजेते अखेर गादीवर भिडतात. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, यशस्वी पकडीला गुण, रेषेबाहेर गेले तरी समोरच्याला गुण. यात्रेच्या मातीत तासभर दम धरून चितपट शोधणाऱ्या मल्लाला हे सारे नव्याने शिकावे लागते. गादी महाग, ती ठेवायला बंदिस्त जागा हवी, शिकवणारा प्रशिक्षक हवा. खानदेशातल्या बहुतेक गावांत यातले काहीच नसल्याने होतकरू पोरगा पुण्याची किंवा कोल्हापूरची तालीम गाठतो. तिथला राहण्या-खाण्याचा खर्च पुन्हा यात्रांच्या इनामातूनच निघतो.

बाजार मोठा होताना

व्यावसायिक लीग आल्या तसा कुस्तीचा भाव बदलला. प्रो रेसलिंग लीग 2015 मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र केसरीत आता गदेबरोबर मोटारगाड्या दिल्या जातात. 2023 च्या जानेवारीत पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत विजेत्या शिवराज राक्षेला थार गाडी मिळाली. खानदेशात या बदलाचे ठळक रूप जामनेरला दिसले. 2024 च्या फेब्रुवारीत तिथे नमो कुस्ती महाकुंभ भरला. 2025 च्या फेब्रुवारीत देवाभाऊ केसरी या नावाने दुसरी मोठी दंगल झाली आणि तीत परदेशी मल्ल उतरले. रोषणाई, थेट प्रक्षेपण, प्रचंड गर्दी आणि राजकीय पाठबळ असे तिचे स्वरूप होते. जळगाव जिल्ह्यातल्या पोरांना उझबेकिस्तानचा मल्ल पाच हातांवरून पाहायला मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र नेत्याच्या नावावर उभा राहिलेला उत्सव त्या नेत्याच्या मर्जीवर चालतो. गावकीची दंगल तशी नसते. तिथे एक देणगीदार गेला तर दुसरा येतो.

मोबाइलवरच्या चित्रफितींनीही बाजार बदलला. यात्रेतल्या कुस्त्यांचे चित्रण करून टाकणाऱ्या वाहिन्यांना मोठा प्रेक्षकवर्ग आहे. एखादा नेत्रदीपक ढाक गावोगाव पोहोचला की त्या मल्लाला पुढच्या हंगामात आमंत्रणे येतात, मानधन वाढते. चित्रफितीतून होणाऱ्या कमाईत मात्र मल्लाचा वाटा ठरलेला नसतो. त्यावर संघटनांनी बोलायला हवे.

मुलींच्या कुस्त्या हा दंगलीतला सर्वांत अलीकडचा आणि आशादायक बदल. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा 2023 च्या मार्चमध्ये सांगलीला झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. खानदेशातल्या यात्रांतही आता मुलींच्या जोडी लावल्या जातात. त्यांच्यासाठी कपडे बदलायची बंदिस्त जागा आणि महिला पंच यांची सोय सगळीकडे झालेली नाही. त्यांची कुस्ती पुकारली की फेरीत नोटा मुलांच्या कुस्तीपेक्षा कमी पडत नाहीत, बऱ्याचदा जास्तच पडतात. वर्गणी काढणाऱ्या पंचांनी हे हेरले आहे, आणि मुलींच्या दोन-तीन जोडी आधीपासून ठरवून फलकावर छापायला काही गावांनी सुरुवात केली आहे.