मीटर म्हणतो १२ व्होल्ट, मग सेल्फ का फिरत नाही?

जुनी विंटेज गाडी, चावी फिरवली की नुसतं 'कट्' आणि पुढे काही नाही. मग लोक काय करतात, बॅटरीला मल्टीमीटर लावतात, १२.६ व्होल्ट दिसले की म्हणतात बॅटरी एकदम ओके, म्हणजे सेल्फच (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) गेला, आणि चांगली चालू मोटर उतरवून रिवाइंडिंगला देऊन मोकळे होतात. नवा सेल्फ बसवला तरी परत कट्!

गंमत अशी की मीटर खोटं बोलत नाही, आपण प्रश्न चुकीच्या वेळी विचारतो. मीटरमधून जवळजवळ शून्य करंट जातो, आणि सेल्फला इंजिन फिरवायला सहज दीडशे-दोनशे अँपिअर लागतात. नळी चिमटलेली असली तरी तोटी बंद असताना प्रेशर पूर्णच दाखवणार, तोटी उघडली की कळतं. शाळेतला ओहमचा नियम आठवा, व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. गंजलेल्या टर्मिनलचा रेझिस्टन्स समजा ०.०१ ओहम, साध्या मीटरला तो दिसणारही नाही, पण २०० अँपिअरला तिथेच २ व्होल्ट खाल्ले जातात आणि तेवढ्या ४०० वॉटची उष्णता त्या जॉइंटमध्ये. म्हणून तर सेल्फ मारल्यावर खराब टर्मिनल हाताला गरम लागतं.

आणि हा करंट मोटर अडकलेली असताना सगळ्यात जास्त असतो बरं का. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते (बॅक ईएमएफ) आणि करंट आवरते, थांबलेल्या मोटरला आवरणारं कुणी नसतं, फक्त तारांचा रेझिस्टन्स. म्हणजे इंजिन फिरत नसलं तरी सोलेनॉइडने (चावी फिरवली की बॅटरीचा करंट सेल्फला जोडणारा चुंबकी स्विच) कॉन्टॅक्ट दिला असेल तर खरी टेस्ट करता येते, ती म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, करंट वाहताना वाटेत किती व्होल्ट खाल्ले जातात ते मोजणं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन कॉइलची (स्पार्क देणारी) वायर काढलेली म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटरची लाल पिन बॅटरीच्या अर्थ नसलेल्या शिशाच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच!), काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मारण्याआधी पूर्ण १२ दिसतील, घाबरू नका, सोलेनॉइड उघडा आहे म्हणून. मारल्यावर अर्ध्या व्होल्टच्या आत आले पाहिजेत. जास्त आले तर क्लॅम्प, केबल, सोलेनॉइड असा एकेक तुकडा मोजत जा, जिथे आकडा उडी मारेल तिथे चोर. मग हेच अर्थच्या बाजूला (गाडीच्या बॉडीला जोडलेली बाजू), बॅटरीचा अर्थचा खांब ते सेल्फची बॉडी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असतो (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला), तिथे मीटर नुसतं मायनस दाखवेल, बाकी सगळं सेम.

एकदाच 'कट्' न होता 'कटकटकट' असा आवाज आला तर मात्र आधी बॅटरीवर संशय घ्या. कॉन्टॅक्ट जोडला की व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर, परत ओढतो, असं चक्र चालू राहतं.

६ व्होल्टच्या गाड्यांचं अजून अवघड. तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट, म्हणजे त्याच केबलमध्ये दुप्पट ड्रॉप, तोही निम्म्या व्होल्टेजमधून, म्हणजे टक्केवारीत चौपट नुकसान. त्यात कुणी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल टाकली असेल तर संपलंच.

बाकी बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, गाडीला मूड असतो वगैरे सोडून द्या. सेल्फला हातोडीने हलकं ठोकलं की चालू होतो हे मात्र कधीकधी खरंय, झिजलेला कार्बन ब्रश अडकलेला असतो तो ठोक्याने हलून कॉम्युटेटरला (मोटरच्या फिरत्या भागावरचे तांब्याचे पट्टे) टेकतो. उपाय नाही हां हा, निदान आहे, ब्रश बदला.

आणि इंजिनपासून चॅसिसला जाणारी अर्थची पट्टी विसरू नका, इंजिन रबरावर बसलेलं असतं. ती पट्टी तुटली की करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून रस्ता काढतो, आणि सेल्फ मारताना चोकची केबल तापली किंवा धूर आला तर बॅटरीकडे बघूसुद्धा नका, आधी पट्टी. नवी लावताना खालचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर आवळा.