ह्वेचा राजवाडा: बांधला कुणी, मोडला कुणी, जपायचं ठरवलं कुणी

मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे शहरात येणाऱ्या पर्यटकाचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी भुईकोट आणि त्याच्या आतला राजवाडा, दुपारी शहराबाहेरच्या राजसमाध्या, संध्याकाळी हुआँग नदीतून नावेने थिएन मू मंदिर. राजवाड्याचं तिकीट काढून आत शिरलं की न्गो मोन हा भव्य दरवाजा लागतो, पुढे लाल-सोनेरी खांबांचा थाई होआ हा सिंहासनाचा महाल, आणि त्याच्या मागे, जिथे राजाचं खासगी राहणं होतं तिथे, मुख्यतः चौथरे आणि गवत. हे सगळं १९६८ मध्ये, अमेरिकेशी चाललेल्या युद्धात गेलं असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

या मुलखाचा इतिहास हा राजवाडा बांधणाऱ्या न्गुयेन राजांपासून सुरू होत नाही. आधी इथे चंपाचं राज्य होतं, शिवाची देवळं बांधणारं, संस्कृतात शिलालेख कोरणारं. १३०६ मध्ये चंपाचा राजा जय सिंहवर्मन (तिसरा) याने उत्तरेकडच्या दाई व्हिएत या व्हिएतनामी राज्याची राजकन्या हुयेन चान हिच्याशी लग्न केलं आणि वधूमूल्य म्हणून दोन प्रांत दिले. आजचं ह्वे त्याच मुलखात येतं. राजा वर्षभरातच वारला. राजकन्येला त्याच्या चितेवर जावं लागू नये म्हणून तिच्या माहेरच्या सरदाराने तिला तिथून पळवून आणलं, असं व्हिएतनामी बखरी सांगतात. राजकन्या परत गेली, प्रांत मात्र परत गेले नाहीत. चंपाच्या खुणा आजही जमिनीतून निघतात. २००१ मध्ये शहराजवळच्या किनाऱ्यावर वाळूत गाडलेलं विटांचं एक चाम मंदिर सापडलं, साधारण आठव्या शतकातलं. पर्यटक तिकडे क्वचितच फिरकतात. भारतातून गेलेल्यांनी तरी वेळ काढावा.

१५५८ मध्ये न्गुयेन होआंग हा सरदार या दक्षिण सीमेवर सुभेदार म्हणून आला आणि त्याच्या वंशजांनी इथे जवळपास स्वतंत्र राज्य उभारलं. थिएन मू मंदिर त्यानेच १६०१ मध्ये स्थापलं. आज छायाचित्रांत दिसणारा सात मजल्यांचा मनोरा मात्र त्याच्या काळातला नाही, तो थ्येउ ची राजाने १८४४ मध्ये बांधलेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ताय सोन बंधूंच्या उठावाने न्गुयेन घराणं देशोधडीला लागलं. त्यातून वाचलेल्या न्गुयेन आन्हने पाव शतक झगडून १८०१ मध्ये शहर परत घेतलं, आणि पुढच्या वर्षी झा लाँग हे नाव घेऊन तो संपूर्ण व्हिएतनामचा राजा झाला. राजधानी अर्थातच ह्वे. हनोई परक्यांचं, ह्वे वाडवडिलांचं, असा सरळ हिशोब होता.

या लढ्यात त्याच्या पदरी काही फ्रेंच अधिकारी होते. त्यांच्याकडून आलेली तटबंदीची विद्या ह्वेच्या किल्ल्यात उतरली. भोवती खंदक, सुमारे १० किलोमीटरचा तट, त्यातून कोनात पुढे आलेले २४ बुरूज: हा आराखडा तोफांच्या युगातल्या युरोपचा. आतला राजवाडा मात्र पूर्णपणे चिनी दरबारी रीतीचा, दक्षिणाभिमुख, एकात एक तीन कोट, सगळ्यात आतला फक्त राजाचा आणि त्याच्या कुटुंबाचा. १८०५ मध्ये सुरू झालेलं तटाचं काम झा लाँगचा मुलगा मिन्ह मांग याच्या कारकिर्दीत, १८३२ मध्ये संपलं. न्गो मोन १८३३ चा. थे मिएउ या पूर्वजमंदिरासमोर काशाचे नऊ अजस्र कुंभ आहेत, ते १८३५ ते १८३७ मध्ये ओतले. त्यांच्यावर नद्या, डोंगर, समुद्र, प्राणी, झाडं, नौका, शस्त्रं अशी १६२ चित्रं कोरलेली आहेत. नव्याने एक झालेल्या देशाची ती यादीच. मला विचाराल तर राजवाड्यात दहाच मिनिटं असतील तर ती सिंहासनासमोर न घालवता इथे घालवावीत.

एवढं बळकट बांधकाम अर्ध्या शतकात निकामी ठरलं. १८८३ मध्ये फ्रेंचांनी समुद्रकिनाऱ्याचे किल्ले घेऊन दरबाराला नमवलं. ४ जुलै १८८५ च्या रात्री राजप्रतिनिधी तोन थात थुयेत याने फ्रेंच छावणीवर हल्ला केला. उजाडेपर्यंत तो फसला. मग फ्रेंच सैन्य किल्ल्यात घुसलं, माणसं मारली गेली, खजिना लुटला गेला, ग्रंथालय जळालं. बालराजा हाम न्घी डोंगरात पळाला, तीन वर्षांनी पकडला गेला आणि अल्जीरियात हद्दपार झाला. ह्वेतली कुटुंबं आजही चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यात त्या मृतांसाठी घरापुढे, रस्त्याकडेला नैवेद्य मांडतात. पर्यटकांच्या कार्यक्रमात याला जागा नाही, शहराच्या आठवणीत मात्र ही तारीख पक्की आहे.

त्यानंतर राजे होते, राज्य नव्हतं. समाध्या बघताना हा फरक लक्षात ठेवावा. दरबार नमण्याआधीचा राजा तू डुक याची समाधी १८६४ ते १८६७ मधली, तळं, कमळं, पाण्यावरचे मंडप. मरणाआधी कित्येक वर्षं तो तिथे बागेत रमत असे. पण या बागेसाठी राबवलेल्या मजुरांनी १८६६ मध्ये बंड केलं होतं. त्याला मूल नव्हतं. वडिलांचा गौरवलेख मुलाने कोरायचा ही रीत, त्यामुळे याने स्वतःचा शिलालेख स्वतःच लिहिला आणि त्यात स्वतःच्या चुकाही मांडल्या. फ्रेंच अमलाखालचा राजा खाई डिन्ह याची समाधी १९२० ते १९३१ मधली, काँक्रीटची, आत काच आणि चिनी मातीच्या तुकड्यांचं डोळे दिपवणारं जडावकाम. त्यासाठी त्याने रयतेवर जादा कर लावला. कारागिरी अप्रतिम, आणि पैसा कुणाचा हे कळल्यावर जरा अवघड वाटायला लावणारी.

३० ऑगस्ट १९४५ ला शेवटचा राजा बाओ दाई याने न्गो मोनवरून राज्यत्याग केला, राजमुद्रा आणि तलवार हो ची मिन्हच्या सरकारच्या प्रतिनिधींना दिली. राजवाडा तेव्हा बऱ्यापैकी उभा होता. फ्रेंच परत आले आणि १९४७ च्या सुरुवातीच्या लढाईत आतल्या कोटाला आग लागली. राजाच्या कामकाजाचा कान चान्ह महाल आणि निवासाचा किएन चुंग महाल तेव्हाच गेले. १९६८ च्या युद्धाआधी वीस वर्षं.

उरलेल्यावर घाला पडला तो टेट नववर्षाच्या हल्ल्यात. ३१ जानेवारी १९६८ ला पहाटे कम्युनिस्ट फौजांनी शहर घेतलं आणि किल्ल्याच्या ध्वजबुरुजावर त्यांचा झेंडा तीन आठवड्यांहून अधिक काळ राहिला. शहर परत घेऊ पाहणाऱ्या अमेरिकी आणि दक्षिण व्हिएतनामी सैन्यावर सुरुवातीला जड शस्त्रं न वापरण्याचा निर्बंध होता, एक कारण हा वारसाच. घरोघरच्या लढाईत हा निर्बंध टिकला नाही. तोफा, बॉम्ब, नौदलाचा मारा, सगळं झालं. शहर कम्युनिस्टांच्या ताब्यात असताना मारल्या गेलेल्या माणसांच्या सामूहिक कबरी नंतर सापडल्या. हा भाग तिथल्या फलकांवर फारसा वाचायला मिळत नाही.

(व्हिएतनामने हे युद्ध छत्रपती शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन जिंकलं, असा मजकूर आपल्याकडे व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो. त्याखाली पुरावा कधीच नसतो. महाराजांना त्याची गरजही नाही.)

१९७५ नंतर देश एक झाला, पण नव्या सत्तेच्या लेखी न्गुयेन घराणं म्हणजे देश फ्रेंचांच्या घशात घालणारी सरंजामशाही. तिचा राजवाडा कशाला जपायचा? भुकेच्या त्या वर्षांत प्रश्न अगदीच निरर्थक नव्हता. वाळवी, वादळं आणि पूर यांनी आपलं काम चालू ठेवलं. बदलाची पहिली हाक बाहेरून आली. १९८१ मध्ये युनेस्कोचे महासंचालक आमादू-मख्तार एम्बो यांनी ह्वे वाचवण्याचं जाहीर आवाहन केलं, आणि पुढच्या वर्षी स्मारकांची देखभाल करणारी संस्था शहरात स्थापन झाली. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनी परदेशी पर्यटकांना दार उघडलं. १९९३ मध्ये ह्वे हे व्हिएतनाममधलं पहिलं जागतिक वारसास्थळ ठरलं. २००३ मध्ये न्या न्याक या दरबारी संगीतालाही युनेस्कोची मान्यता मिळाली. काल ज्यांना गद्दार म्हटलं ते राजे आता शहराचं पोट भरू लागले.

वारशाची किंमत कुणीतरी मोजतंच. युद्धानंतर निराधार लोकांनी किल्ल्याच्या तटावर, खंदकाच्या काठाने झोपड्या बांधल्या होत्या. २०१९ पासून चार हजारांहून अधिक कुटुंबांना तिथून हलवून शहराच्या उत्तरेला वसवायला सुरुवात झाली. बरीच घरं पडकी, पुराच्या पाण्यात बुडणारी होती, त्यामुळे अनेकांचं राहणीमान सुधारलं हे खरं. पण तटावर फेरफटका मारताना तिथे दोन पिढ्या नांदल्या होत्या, हे ठाऊक असलेलं बरं.

आणि आता पुनर्बांधणी जोरात आहे. किएन चुंग महाल जुन्या छायाचित्रांवरून नव्याने उभा राहिला आणि २०२४ मध्ये लोकांना खुला झाला. थाई होआची तीन वर्षांची दुरुस्ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाली. मे २०२५ मध्ये एका माणसाने तिथल्या सिंहासनावर चढून सिंहासनाचा हात मोडला, तेव्हा देशभर संताप उसळला. याच सिंहासनाबद्दल पन्नास वर्षांपूर्वी कुणी अश्रू ढाळले असते असं वाटत नाही. किएन चुंग मला थोडा फारच चकचकीत वाटतो. शेजारचे रिकामे चौथरे जास्त काही सांगतात. पण ह्वेच्या लोकांना छायाचित्रातला महाल पुन्हा उभा हवा असेल, तर त्यांना ते नको म्हणणारे आपण कोण? कान चान्हच्या पुनर्बांधणीचं काम २०२४ च्या अखेरीस सुरू झालं आहे, तेव्हा तो मोकळा चौथरा ज्यांना बघायचा होता त्यांची संधी बहुतेक गेलीच.