पाणीपट्टी किती वाढली हे लेखी मागवायचंय? अर्ज फेटाळला जाण्याआधी हे वाचा

मार्च आला की सोसायटीत पुढच्या वर्षाच्या मेंटेनन्सचा हिशेब सुरू होतो आणि पाणी-मलनिःसारणाच्या आकड्यापाशी येऊन अडतो. खजिनदार मागच्या बिलावर अंदाजाने काहीतरी चढवतात, सप्टेंबरच्या सभेत तूट निघते आणि मग ‘दर वाढल्याचं आम्हाला कुणी कळवलंच नाही’ सुरू होतं. आपणहून कुणी कळवत नाही, हे खरंच आहे. मात्र माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांत ते लेखी मागवता येतं. महाराष्ट्रात हा अर्ज सोपा आहे, तरी सोसायट्यांचे अर्ज ढिगाने परत येतात, आणि कारणं तीच ती असतात.

पहिलं कारण लेटरहेड. कायद्याच्या कलम ३ नुसार माहिती मागण्याचा हक्क भारतीय नागरिकाला आहे, आणि सोसायटी ही नागरिक नव्हे. सचिवांनी सोसायटीच्या लेटरहेडवर, गोल शिक्का मारून अर्ज दिला की ‘अर्जदार नागरिक नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवायला कार्यालयाला आयतं निमित्त मिळतं. शिक्का आपल्याला भारदस्त वाटतो, पण इथे तोच नडतो. साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्याने अर्ज करा. पदाचा उल्लेखही नको.

कागदपत्रं फारशी नाहीत. ‘जोडपत्र अ’च्या नमुन्यातला अर्ज आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडला की फी माफ. शेवटच्या पाणीबिलाची झेरॉक्स बंधनकारक नाही, तरी जोडाच. जलजोडणी क्रमांक चुकला की महिना गेला. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. खिडकीवर विचारलं तर कलम ६(२) शांतपणे दाखवा, वाद घालू नका.

दुसरं कारण प्रश्नांची भाषा. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका काकांनी दोन पानी अर्ज केला होता. ‘दर का वाढवले? पाणी कमी दाबाने येत असताना वाढ योग्य आहे का? याला जबाबदार कोण?’ महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं: प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. काकांचा संताप रास्त होता, पण कायद्यातली ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाकडे असलेला कागद. ‘का’ला कागद नसतो, ठरावाला, परिपत्रकाला, दरपत्रकाला असतो. शिवाय राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. दोन पानांतच निम्मा निकाल लागला होता.

काकांना नंतर लिहून दिलेला मजकूर असा: ‘जलजोडणी क्रमांक अमुक. (१) या जोडणीला सध्या लागू असलेल्या जल आकार व मलनिःसारण आकाराच्या दरपत्रकाची प्रत. (२) मागील पाच आर्थिक वर्षांत या दरांत बदल करणाऱ्या ठरावांच्या, किंवा प्रशासक असतील त्या काळातील मंजुरी आदेशांच्या, प्रती; अंमलबजावणीच्या तारखेसह. (३) आपल्या नोंदीनुसार या जोडणीवरील सदनिकांची संख्या.’ यावेळी उत्तर आलं. तिसऱ्या मुद्द्याने तर भलतंच उघड केलं: खात्याच्या नोंदीत चार सदनिका कमी होत्या. सदनिकांच्या संख्येवरून ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या वापराला जिथे चढा दर लागतो तिथे हा घोळ थेट बिलात दिसतो.

अर्ज कुठे द्यायचा, यातही लोक चुकतात. मुंबईत मीटरवरचं पाणीबिल जल अभियंता खात्याकडून येतं; मालमत्ता कराच्या बिलातला जललाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर मात्र करनिर्धारण व संकलन खात्याकडे. नावं सारखी वाटली तरी आकारणी वेगळी. म्हणून अर्जही दोन.

आता तारखा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. जानेवारीत अर्ज केलात तर ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर येईल आणि ते खरंच असेल. मार्चच्या पहिल्या आठवड्यात करा. मुंबईला स्वतःचा १८८८ चा कायदा आहे, आणि पाणीदराबाबत २०१२ च्या धोरणानुसार वर्षाला ८ टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. ती १६ जूनपासून लागू करण्याचा प्रघात आहे. २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढ त्याच तारखेपासून झाली. काही वर्षी वाढ झालीच नाही. म्हणजे एप्रिलमध्ये जुना दर पाहून बारा महिन्यांचा गुणाकार केला, तर साडेनऊ महिने चुकू शकतात. ठरावाची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळी असते. बजेटला दुसरी लागते.

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात: उत्तराची मुदत ३० दिवस, पण ती अर्जावर लिहिलेल्या तारखेपासून नाही, कार्यालयाला अर्ज मिळाल्यापासून. म्हणून पोचवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज चुकीच्या प्राधिकरणाकडे गेला तर योग्य ठिकाणी पाठवायला पाच दिवस. तीस दिवसांत उत्तर नाही म्हणजे नकारच समजायचा आणि पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करायचं: ‘जोडपत्र ब’, वीस रुपयांचा स्टँप. लोक त्याऐवजी स्मरणपत्रं पाठवत बसतात. पहिलं, दुसरं, तिसरं… तोवर अपिलाची मुदत निघून जाते आणि हातात फक्त पोचांची चळत. स्मरणपत्राने एक दिवसही वाढत नाही. मुदत टळल्यावर मिळालेल्या माहितीच्या प्रती फुकट द्याव्या लागतात, एरवी पानाला दोन रुपये.

उत्तर आल्यावर हिशेब करताना मुंबईकरांनी एक लक्षात ठेवा. मीटरच्या बिलात मलनिःसारण आकार जल आकाराच्या ७० टक्के असतो. महिन्याचा जल आकार १०,००० रुपये असेल तर बिल १७,०००. दर ८ टक्के वाढला तर बोजा ८०० चा नाही, १,३६० चा. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यात हे मीटरचं बिल येत नाही. दर सभेत कुणीतरी हा मुद्दा काढतंच.

राहिली वाटणी. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, तिच्यातल्या क्रमांक ६७ नुसार पाण्याचा खर्च समान किंवा क्षेत्रफळावर नाही, प्रत्येक सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार यांवर वाटायचा असतो. नळ मोजायला जाल तेव्हा बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी मागाहून काढलेला नळ कुणी आपणहून दाखवत नाही. पडद्यामागे बघा.