दोन जादूगार, दोन मेंढ्या आणि ४०० मिलिसेकंद

जुन्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये मेज क्लासचे, म्हणजे जादूगार असलेले, दोन प्लेयर समोरासमोर आले आणि दोघांनी जवळपास एकाच क्षणी एकमेकांवर पॉलिमॉर्फ हा समोरच्याची मेंढी करणारा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकला, तर कधीकधी दोघंही मेंढ्या व्हायचे. मैदानात दोन मेंढ्या इकडून तिकडे फिरतायत, लढाई थांबलीये आणि स्क्रीनसमोर दोन्ही बाजूची माणसं हसतायत. खरं तर हे व्हायलाच नको होतं. ज्याचा स्पेल आधी लागला त्याने समोरच्याची मेंढी केली की विषय संपला, मेंढीला कुठे स्पेल टाकता येतो? पण व्हायचं, आणि ज्याने एकदा पाहिलंय त्याच्या डोक्यातून ते जात नाही, माझ्याही गेलेलं नाही.

कारण सर्व्हरमध्ये होतं. एका प्लेयरने दुसऱ्यावर टाकलेला स्पेल सर्व्हर लगेच हातात घ्यायचा नाही, असे स्पेल थोडा वेळ साठवून ठेवायचा आणि मग सगळ्यांचा एकदम निकाल लावायचा. टपालपेटीसारखं समजा. तुम्ही पत्र अकराला टाकलं आणि मी सव्वा अकराला, तरी पेटी बाराला उघडणार असेल तर दोन्ही पत्रं एकाच पिशवीतून निघणार, आधी कोणी टाकलं याला काही अर्थच उरत नाही. इथे पेटी साधारण दर ४०० मिलिसेकंदांनी उघडायची. याला स्पेल बॅचिंग म्हणतात. हजारो लोकांचा हिशोब एकाच वेळी सांभाळायचा तर २००४ च्या हार्डवेअरवर सगळंच ताबडतोब करता येत नव्हतं, म्हणून काही कामं मागच्या रांगेत टाकलेली.

आता गंमत बघा. हा गेम २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि वर्षानुवर्षं लोकांनी मागणी केल्यावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने त्याचं जुनं रूप क्लासिक या नावाने परत आणलं. पण जुना कोड तसाच चालू केला नाही. तो चालवून बघितला, पण त्यात आजची सिक्युरिटी नाही, आजचं लॉगिन नाही, मधल्या काळात दुरुस्त झालेले प्रॉब्लेम परत जिवंत, म्हणून त्यांनी उलटा रस्ता धरला: इंजिन आजचं घ्यायचं आणि त्यात २००६ मधल्या १.१२ या पॅचचा (अपडेटचा) डेटा, म्हणजे कुठला राक्षस कुठे उभा, कुठल्या तलवारीचं किती डॅमेज, हे सगळं नव्या साच्यात बसवून भरायचं. आजच्या इंजिनमध्ये स्पेलचा निकाल पटकन लागतो. म्हणजे दोन मेंढ्यांचा प्रकार गेलाच! मग तो परत आणायचा म्हणून प्रोग्रॅमरनी मुद्दाम एका प्लेयरकडून दुसऱ्याकडे जाणारे स्पेल कमी महत्त्वाच्या रांगेत टाकले, जुना उशीर नव्याने लिहून काढला.

आणि लोक चिडले. हील, म्हणजे जखमा भरणारा स्पेल, टाकलाय, स्क्रीनवर टाकल्याचं दिसतंय, तरी टँक, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा प्लेयर, मेला. शेवटी २०२१ मध्ये स्पेल साठवायचा तो वेळ ४०० वरून १० मिलिसेकंदांवर आणला.

मला हा सगळा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो, कारण चूक परत आणली तरी तिच्या आजूबाजूचं जग परत आणता येत नाही हे त्यात स्पष्ट दिसतं. साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर आलं तर माणसाला ते 'लगेच' आल्यासारखं वाटतं, हे कॉम्प्युटरवाल्यांना १९६८ पासून माहितीये, रॉबर्ट मिलर यांनी तेव्हाच तसं मांडलं होतं. २००४ च्या सुमाराला कितीतरी लोकांचं इंटरनेटच इतकं अडखळत होतं की सर्व्हरचा उशीर कुठला आणि लाइनचा कुठला हे कळायचंच नाही, सगळं एकत्र 'लॅग' म्हणून सोडून द्यायचं. आज पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, वीस-तीस मिलिसेकंदांवर असतं, मग तोच ४०० मिलिसेकंदांचा उशीर एकटा उघडा पडतो. शिवाय काही लोकांचं म्हणणं होतं की नवा उशीर जुन्यासारखा वागतच नाही, आणि त्यातही तथ्य होतं, दुसऱ्या इंजिनवर केलेली नक्कल शेवटी नक्कलच.

पण खरा घोळ सर्व्हरपेक्षा आपल्या डोक्यात जास्त आहे.

१९९७ मध्ये टेरेन्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला, त्यात कॅलिफोर्नियात तीन आठवड्यांच्या सायकल ट्रिपला जाणारी माणसं होती. ट्रिपच्या आधी, ट्रिप चालू असताना आणि नंतर, तिन्ही वेळा त्यांना कसं वाटतंय हे विचारलं. चालू असताना पाऊस, थकवा, कंटाळा सगळं होतं. नंतर विचारलं तर तीच ट्रिप चालू असताना वाटली होती त्यापेक्षा चांगली वाटायला लागलेली. याच्याच जोडीला मानसशास्त्रात आणखी एक गोष्ट वारंवार दिसलीये, वाईट आठवणीतला कडूपणा चांगल्या आठवणीतल्या गोडव्यापेक्षा लवकर विरतो. घटना विसरत नाही आपण, तिची टोचणी विसरतो. मला आजही आठवतं की घोडा मिळायला लेव्हल ४० लागायची आणि तोपर्यंत सगळीकडे पायी, पण त्या पायी चालण्याचा तेव्हा आलेला वैताग आठवत नाही, आठवतो तो संध्याकाळच्या उजेडातला रस्ता.

आणि आठवण म्हणजे काही कपाटातली फाइल नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं की माणसं ऐकलेली गोष्ट परत सांगताना दर वेळी ती थोडी नव्याने रचतात, अनोळखी तपशील गाळतात, आपल्या ओळखीचे घालतात, आणि हे सगळं प्रामाणिकपणे, खोटं बोलायचं म्हणून नाही. याचा पुरावा क्लासिकच्या टेस्टिंगमध्येच मिळाला. २०१९ च्या मे महिन्यात टेस्टर धडाधड बग रिपोर्ट करायला लागले आणि डेव्हलपरना चक्क 'हे बग नाहीत' अशी यादी काढावी लागली. टॉरेन जमातीचा हिटबॉक्स, म्हणजे जिथे मार लागू शकतो ती जागा, मोठा आहे, बरोबर आहे, तसाच होता. मारलेले राक्षस परत यायला खूप वेळ लागतो, तसाच लागायचा. वॉरियरची तब्येत ज्या वेगाने भरतेय तो वेग बरोबर आहे. घाबरवलेले प्लेयर आणि राक्षस फार जोरात पळतात, तसेच पळायचे. ही रिपोर्ट करणारी माणसं काही नवखी नव्हती, बहुतेक जणांनी जुना गेम खेळलेला. त्यांच्या आठवणीतला गेम आणि डिस्कवरचा डेटा यांत फरक पडला तेव्हा त्यांना डेटाच चुकलाय असं वाटलं! मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही, मीही हेच केलं असतं.

म्हणून जुना गेम परत खेळायला घेतल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत जे होतं ते ओळखून ठेवावं. 'हा तो गेम नाही' असं वाटतं, चिडचिड होते, कोणीतरी काहीतरी बिघडवलंय असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं, विरून गेलेली टोचणी परत लागत असते.

मग या चुका मान्य करायच्या का सगळ्या? माझं मत, नाही, सरसकट नाही, त्यांत दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या काढायला शिकलं पाहिजे.

एक जात म्हणजे ज्या अडचणीमुळे माणसाला माणूस लागतो ती. जुन्या गेममध्ये बटण दाबून ग्रुप मिळायची सोय नव्हती, ती २००९ च्या शेवटी आली. त्याआधी चॅटमध्ये ओरडायचं, पाच जण जमवायचे आणि सगळ्यांनी डनजनच्या, म्हणजे मिळून लढायच्या ठिकाणाच्या, दारापर्यंत चालत जायचं. एका सर्व्हरवर तीच तीच नावं परत परत समोर यायची. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीमधल्या वेस्टगेट या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास १९५० मध्ये छापला, तिथे कोणाची कोणाशी दोस्ती झाली हे आवडीनिवडींपेक्षा कोणाचं दार कोणाच्या दाराजवळ आणि कोणाचा रस्ता कोणाच्या दारावरून जातो यावर बरंच ठरत होतं. जुन्या गेममध्ये रस्ते लांब होते म्हणून गाठी पडायच्या. आणि नॉस्टॅल्जियावर साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासात हेच पुढे आलं की अशा आठवणींच्या मधोमध आपण असतो खरे, पण एकटे क्वचितच, आजूबाजूला आपली माणसं असतात. रस्ता छोटा केला, ग्रुप आपोआप दिला, की सोय होते, पण जी आठवण जपायला हा गेम परत आणला तिचा पायाच काढून घेतल्यासारखं होतं. ही अडचण मला मनापासून मान्य आहे, त्रास होतो तरी मान्य आहे.

दुसरी जात निव्वळ तांत्रिक. उदाहरण घ्या, मोठ्या रेडमध्ये, म्हणजे टोळीने करायच्या चढाईत, ४० माणसं एका बॉसला, म्हणजे बड्या राक्षसाला, मारतायत आणि त्या बॉसवर एका वेळी डीबफ, म्हणजे शत्रूला कमजोर करणारे किंवा हळूहळू मारणारे परिणाम, मावतात फक्त १६. बाकीचे लावले की कोणाचातरी उडतो. मग ज्या वॉरलॉक क्लासच्या प्लेयरचं सगळं कसब शाप आणि हळूहळू मारणाऱ्या स्पेलमध्ये आहे त्याला गिल्ड, म्हणजे त्याचा गट, सांगणार, बाबा तू ते काही लावू नकोस, नुसता शॅडो बोल्ट मारत बस. तीन-तीन तास एकच बटण. यातून दोस्ती वाढत नाही, कौशल्य वाढत नाही, एका माणसाला त्याचा क्लास खेळता येत नाही एवढंच. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये क्लासिकची सीझन ऑफ मास्टरी ही नवी आवृत्ती आली तेव्हा बॉसवरची ही मर्यादा काढून टाकली आणि गेमचा जुनेपणा कणभरही कमी झाला नाही असं मला वाटतं. रनस्केप या दुसऱ्या ऑनलाइन गेमचा जुना अवतार २०१३ मध्ये २००७ च्या बॅकअपवरून आणला, तिथे तर असे निर्णय प्लेयरच्या मतदानावर सोडलेत, आधी ७५ टक्के मतं लागायची, नंतर ७० केली. तिथला ०.६ सेकंदाचा सर्व्हर टिक, म्हणजे सर्व्हर ज्या ठोक्याने हिशोब करतो तो, मात्र आजही तसाच आहे, कारण लोकांनी त्या ठोक्यावर ताल धरून खेळायची एक अख्खी कला उभी केलीये, तो काढला तर ती कलाच जाईल.

राहिली एक गोष्ट, जिला चूकही म्हणता येत नाही. पहिल्या वेळी रॅग्नारोस हा रेडमधला बॉस मरायला गेम आल्यापासून १५४ दिवस लागले होते. २०१९ मध्ये आठवडाही पूर्ण झाला नाही तोवर मेला. १.१२ मधली हत्यारं आणि टॅलेंट सुरुवातीच्या काळापेक्षा तगडे होते हे खरं, पण मोठा फरक माहितीचा होता, पंधरा वर्षांत सगळं मोजून, लिहून, पाठ करून झालेलं. अजाणपणाचा बॅकअप कुठल्याच सर्व्हरवर नसतो. काही लोक तर रेडच्या आधी जगभर फिरून वाढीव ताकदीचे बफ गोळा करायचे आणि ते संपू नयेत म्हणून रेडच्या वेळेपर्यंत लॉगआउट होऊन बसायचे. खेळायची तयारी म्हणून न खेळणं! याचं मला वाईट वाटलं, पण त्यासाठी गेमला दोष देता येत नाही.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये मी डेडमाइन्स या डनजनसाठी ग्रुप शोधत होतो. वेस्टफॉलमधल्या मूनब्रुक गावात आम्ही चौघं पाऊण तास उभे होतो, टँक मिळत नव्हता. वेळ घालवायला एकाने आपल्याकडचं शिजवलेलं मांस सगळ्यांना वाटलं, दुसऱ्याने नाचायला सुरुवात केली, हीलर म्हणाली की ती हा गेम आधी कधी खेळलेलीच नाही, आत काय आहे ते प्लीज सांगू नका, आणि आम्ही तिघांनी खरंच काही सांगितलं नाही. टँक आला. आत दोनदा मेलो, दोन्ही वेळा भूत होऊन दफनभूमीपासून परत पळत आलो. शेवटी खाणीच्या पोटात ते भलंमोठं जहाज दिसलं तेव्हा तिने चॅटमध्ये नुसती उद्गारचिन्हं टाईप केली, ओळभर.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या नकाशापलीकडे होतो आणि तिचा मेसेज आला, टँक तयार आहे, येतोस का. घोडा नव्हता. चालायला लागलो.